मदत हवी आहे: बोट पळवली की पाण्याच्या खोलीचा आकडा गायब, फिशफाइंडरचा ट्रान्सड्यूसर नेमका कुठे लावू?

नमस्कार मंडळी, मी नागपूरचा, मानेवाड्याकडे राहतो. साळ्याची साडेचार मीटरची अल्युमिनियमची बोट आहे, 40 एचपीचं आउटबोर्ड (मागे बाहेर टांगलेलं इंजिन), सुटीच्या दिवशी गोसीखुर्दच्या बॅकवॉटरला नेतो. आम्ही फिरतो त्या भागात पाण्याखाली झाडांचे खुंट आहेत म्हणून दिवाळीत फिशफाइंडर (आवाजाच्या लहरींनी खोली आणि तळ दाखवणारं यंत्र) घेतला आणि त्याचा ट्रान्सड्यूसर, म्हणजे पाण्यात बुडून आवाज सोडणारा आणि प्रतिध्वनी पकडणारा भाग, मीच मागच्या फळीवर बसवला, आता तेच निस्तरून राहिलो.

हळू चाललो, ताशी 7-8 किलोमीटरच्या स्पीडला, की एकदम मस्त. 4.2, 4.4 मीटर, तळ स्वच्छ. 15 च्या वर गेलं की आकडा लुकलुकतो, मग 0.6, मग एकदम 31 मीटर, मग नुसत्या रेघा. 31 मीटर पाणी तिथे कुठून आलं बाप्पा! साळा मागून हसते ते वेगळंच.

बसवला आहे डाव्या बाजूला, इंजिनच्या पंख्यापासून (प्रोपेलर) वीतभर अंतरावर, कारण केबल तिथंवरच नीट पोचत होती. खुंटाला लागू नये म्हणून बुडाच्या थोडा वरच ठेवला. केबल इंजिनच्या वायरींसोबतच झिपटायने बांधली. नवीन बॅटरी लावून पाहिली, सेन्सिटिव्हिटी कमीजास्त केली, काही नाही. दुकानदार म्हणते पीस खराब आहे, दुसरा घ्या. पण खराब असता तर हळू स्पीडला तरी बरोबर कसा दाखवला असता? फोटो टाकू का?

उत्तर १
फोटो राहू द्या भाऊ, कळलं. पीस चांगला आहे, त्याच्या तोंडाखालून हवा जाऊन राहिली. बुडबुड्यातून आवाज पलीकडे जातच नाही, तिथेच विखुरतो.

आधी केबलचा संशय काढा. बोट उभी ठेवा, न्यूट्रलमध्ये रेस वाढवा. तेव्हाही स्क्रीनवर रेघा आल्या तर इंजिनच्या वायरींचा त्रास आहे, केबल वेगळ्या बाजूने न्या. नाही आल्या तर जागाच चुकली.

मागून पाहिलं तर तुमचा पंखा बहुतेक घड्याळाच्या काट्यासारखा फिरत असेल, बहुतेक आउटबोर्डचा तसाच असतो. म्हणजे डावीकडे पाती वर येतात आणि फेस वर आणतात, उजवीकडे खाली जातात. म्हणून उजवीकडे लावा, पंख्यापासून निदान 38 सेंटीमीटर लांब. बोट ट्रेलरवर असताना खाली वाकून बघा, त्या जागेच्या समोर रिवेटची ओळ किंवा बुडाची उभी पट्टी येते का. येत असेल तर सरका, तिच्यामागे फेसाची दोरीच ओढली जाते.

उंचीचं म्हणाल तर अल्युमिनियमच्या बोटीला तोंड बुडाच्या साधारण 10 मिलीमीटर खाली पाहिजे, फायबरला 3 पुरते. पुढची कड 2-3 मिलीमीटर वर, मागची खाली. फार खाली नेला तर मागे कोंबड्याच्या शेपटीसारखं पाणी उडेल, तेवढं झालं की थोडा वर घ्या.

आणि खुंटांसाठी यावर विसंबू नका हो. हा फक्त खालचं सांगतो, समोरचं नाही. 200 किलोहर्ट्झला आवाजाच्या झोताचा कोन 20 अंशांचा धरला तर 3 मीटर पाण्यात जेमतेम मीटरभराचं वर्तुळ दिसतं, आणि 25 च्या स्पीडला तुम्ही सेकंदाला 7 मीटर जाता. तो दाखवेल तेव्हा तुम्ही खुंटावर असाल.

उत्तर २
एक जुगाड, फळीला सारखी भोकं पाडू नका. स्वयंपाकघरातला पांढरा प्लास्टिकचा जाड चॉपिंग बोर्ड एकदाच नीट बसवा आणि ट्रान्सड्यूसरचे स्क्रू त्यातच फिरवत राहा. पाण्याखालच्या भोकांना मरीन पॉलीयुरेथेन सीलंटच, बाथरूमचं सिलिकॉन नको. आणि ट्रान्सड्यूसर ॲसिटोनने पुसू नका, प्लास्टिक खराब होते.

धागाकर्ता
न्यूट्रलमध्ये रेघा नाही आल्या, म्हणजे हवाच होती. बायकोचा चॉपिंग बोर्ड गेला, घरी आता विळीवर भागवणं चालू आहे. उजवीकडे 40 सेंटीमीटरवर लावला, मोजपट्टी ठेवून 10 मिलीमीटर खाली. काल 28 पर्यंत नेली, 4.1 वर टिकला! फक्त उजवीकडे जोरात वळवलं तर दोन सेकंद आकडा जातो, हे चालते ना?

उत्तर १
वळणावर कोणती बाजू उचलली जाते आणि फेस कुठे सरकतो ते मागे बसून पाहा. सरळ चालताना टिकतो ना, मग हात लावू नका. केबलला फळीपाशी एक लूप मात्र ठेवा, खुंट लागून ब्रॅकेट वर उडालं तर ताण येऊन तुटेल.