सर्व्हरवरची एक्सेल फाईल लगेच उघडते, पण सेव्ह व्हायला अर्धा मिनिट लागतो

शिरोलीकर
नमस्कार. शिरोली एमआयडीसीतील एका फाउंड्रीच्या कार्यालयात संगणकांची देखभाल माझ्याकडे आहे. एकूण ९ संगणक एका लिनक्स सर्व्हरला जोडलेले असून सांबामार्फत (लिनक्सवरचे फोल्डर विंडोजच्या संगणकांना वापरू देणारा प्रोग्राम) सगळ्यांना एक सामाईक फोल्डर दिलेला आहे. सर्व्हरमध्ये ७,२०० आरपीएमच्या (मिनिटाला तेवढे फेरे घेणाऱ्या) ४ हार्ड डिस्क हार्डवेअर रेड कार्डावर (अनेक डिस्क एकत्र चालवणारे कार्ड) रेड ५ पद्धतीने, म्हणजे एक डिस्क बिघडली तरी मजकूर शाबूत राहील अशा रीतीने, बसवल्या आहेत.

कास्टिंगच्या किमतीचा हिशेब ज्यात होतो ती सुमारे १४ एमबीची एक्सेल फाईल दोन-तीन सेकंदांत उघडते. सेव्ह करताना मात्र २५ ते ३० सेकंद पडदा गोठून राहतो. तीच फाईल संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर ठेवली तर दोन सेकंदांत सेव्ह होते. मी नेटवर्कची केबल बदलून पाहिली आणि स्विचचे पोर्टही बदलले, पण फरक पडला नाही. सकाळी कोणी आलेले नसताना हेच काम सहा सेकंदांत होते, आणि दुपारी सगळे कामाला बसले की पुन्हा अर्धा मिनिट लागतो. दोन महिन्यांपूर्वी हा त्रास नव्हता. दर तपासणाऱ्या माणसाला दिवसातून चाळीस वेळा सेव्ह करावे लागते, त्यामुळे कारण शोधणे आता निकडीचे झाले आहे. सुरुवात कोठून करावी?

राजारामपुरी
प्रथम दोष नेटवर्कचा की डिस्कचा, हे वेगळे करून घ्यावे. आयपर्फ हे साधन सर्व्हरवर आणि एका संगणकावर चालवून दोन्ही दिशांचा वेग मोजा, कारण स्विच आणि नेटवर्क कार्ड यांचे डुप्लेक्स (दोन्ही दिशांना एकाच वेळी पाठवायचे की आळीपाळीने, ही पद्धत) जुळत नसेल तर अनेकदा एकाच दिशेचा वेग कोसळतो आणि दुसरी दिशा ठणठणीत दिसते. केबलमधील चारपैकी एखादी जोडी तुटली तर गिगाबिटची जोडणी १०० मेगाबिटवर उतरते आणि मग सेकंदाला ११-१२ एमबीच मिळतात, हेही पाहून घ्या. तरीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी: १०० मेगाबिटवरसुद्धा १४ एमबी जायला दीड सेकंदाहून अधिक लागत नाही. त्यामुळे केवळ केबलने आपल्या ३० सेकंदांचा उलगडा होईल असे मला वाटत नाही.

अँटिव्हायरसही पाहावा. एक्सेल मूळ फाईलवर थेट लिहीत नाही. त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाची नवी फाईल तयार करून, ती पूर्ण लिहून झाल्यावर जुनी बाजूला काढून नवीला तिचे नाव देतो. त्या प्रत्येक टप्प्यावर अँटिव्हायरस थांबवून तपासत असेल तर वेळ वाढतो. एका संगणकावर तो फोल्डर दहा मिनिटांपुरता तपासणीतून वगळून पाहा आणि नंतर पूर्ववत करा.

उद्यमनगर
आमच्या छापखान्यात सांबाची नवी आवृत्ती घातल्यानंतर असाच संथपणा आला होता. सांबाच्या सेटिंगमध्ये ‘स्ट्रिक्ट सिंक’ नावाची ओळ आहे. ४.७ आवृत्तीपासून तिचे मूळ मूल्य ‘येस’ झाले, त्याआधी ते ‘नो’ असे. आम्ही ते पुन्हा ‘नो’ केले आणि सेव्ह लगेच होऊ लागले. आपणही तसे करून पाहावे.

ताराबाई पार्क
वरील सल्ल्याला माझा स्पष्ट विरोध आहे आणि त्याचे कारण सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते. विंडोजवरील प्रोग्राम सेव्ह करताना सर्व्हरला विचारतो की, दिलेला मजकूर खरोखर डिस्कवर उतरला का. ‘स्ट्रिक्ट सिंक’ बंद केल्यावर सर्व्हर ‘उतरला’ असे उत्तर देतो, पण प्रत्यक्षात मजकूर रॅममध्येच असतो आणि लिनक्स तो सवडीने, कधी अर्ध्या मिनिटाने, डिस्कवर लिहितो. एक्सेल त्या उत्तरावर विसंबून जुनी फाईल काढून टाकतो. नेमक्या त्या क्षणी वीज गेली तर जुनी फाईल गेलेली आणि नवी शून्य बाइटची, अशी स्थिती होऊ शकते. औद्योगिक वसाहतीत पावसाळ्यात वीज किती वेळा ये-जा करते, हे इथल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. यूपीएस असला तरी त्याची बॅटरी आणि सर्व्हरचा पॉवर सप्लाय यांचा भरवसा किती धरायचा, हा प्रश्न उरतोच. सेव्ह केलेली फाईल खरोखर सेव्ह झालेली असणे, हेच सर्व्हरचे पहिले काम आहे.

म्हणून प्रश्न असा विचारावा की, डिस्कवर उतरवण्याला एवढा वेळ का लागतो. आपण दिलेल्या माहितीत दोन धागे मोलाचे आहेत. सकाळी सहा सेकंद आणि दुपारी तीस, म्हणजे अनेकांचे लिखाण एकमेकांच्या वाटेत येते. दोन महिन्यांपूर्वी त्रास नव्हता, म्हणजे मांडणी तीच राहून काहीतरी बिघडले आहे. रेड ५ मध्ये लहानशा बदलासाठीही जुना मजकूर वाचणे, जुनी पॅरिटी (बिघडलेल्या डिस्कवरचा मजकूर परत मिळवण्यासाठी ठेवलेली जादा माहिती) वाचणे, नवा मजकूर लिहिणे आणि नवी पॅरिटी लिहिणे अशी चार कामे होतात. ७,२०० आरपीएमच्या डिस्कचा एक फेरा ८.३ मिलिसेकंदांचा असतो, तेव्हा अशी कामे रांगेत साचली की वेळ झपाट्याने वाढतो. एरवी हे जाणवत नाही, कारण रेड कार्डाची कॅशे (कार्डावरची तात्पुरती मेमरी) लिखाण स्वतःकडे घेऊन लगेच पोच देते आणि कार्डावरची बॅटरी वीज गेल्यावर ती कॅशे जिवंत ठेवते. ती बॅटरी निकामी झाली की बहुतेक कार्डे आपण होऊन ‘राइट-बॅक’ (कॅशेत येताच पोच देणे) सोडून ‘राइट-थ्रू’ (डिस्कवर उतरल्यावरच पोच देणे) पद्धतीवर येतात. कार्डाच्या साधनातून बॅटरीची स्थिती आणि कॅशेची चालू पद्धत पाहा. आणि दुपारच्या वेळी एसट्रेस (प्रोग्राम लिनक्सकडे कोणती कामे मागतो ते दाखवणारे साधन) वापरून त्या संगणकासाठीच्या एसएमबीडी या सांबाच्या प्रक्रियेत ‘एफसिंक’ (मजकूर डिस्कवर उतरवण्याची मागणी) किती वेळा येतो आणि प्रत्येक वेळी किती काळ लागतो, ते मोजा.

शिरोलीकर
सर्वांचे आभार. सांगितल्याप्रमाणे क्रमाने मोजणी केली. आयपर्फने दोन्ही दिशांना ९४० मेगाबिटच्या आसपास वेग दाखवला, तेव्हा नेटवर्क निर्दोष ठरले. अँटिव्हायरसमधून फोल्डर वगळल्यावर जेमतेम एक सेकंद वाचला. दुपारी तीन वाजता एका सेव्हमध्ये एफसिंक ७० वेळा आला आणि प्रत्येकाला सरासरी ३८० मिलिसेकंद लागले, म्हणजे सुमारे २६ सेकंद तिथेच गेले. सकाळी संख्या तीच होती, पण वेळ ८० मिलिसेकंदांचा. कार्डाच्या साधनात बॅटरी ‘निकामी’ दाखवत असून कॅशे ‘राइट-थ्रू’वर आहे. तारीख पाहिली तर त्रास सुरू झाला त्याच आठवड्यातील नोंद आहे. सर्व्हरची खोली मोल्डिंगच्या शेडला लागून आहे, तिथे उष्णता आणि काळ्या वाळूची धूळ दोन्ही असतात. नवी बॅटरी येईपर्यंत कार्डाला बॅटरीविना ‘राइट-बॅक’वर ठेवण्याचा पर्याय दिसतो. तो वापरावा का?

ताराबाई पार्क
कृपया वापरू नये. त्यात कॅशेतील मजकूर वीज जाताच नाहीसा होतो, आणि हे नुकसान एका फाईलपुरते न राहता संपूर्ण फाईल सिस्टीमला पोचू शकते. तोपर्यंत किमतीची फाईल ज्याची त्याने आपल्या डिस्कवर उघडून काम करावे आणि दुपारी व संध्याकाळी सर्व्हरवर प्रत ठेवावी. दोघे एकच फाईल घेणार नाहीत एवढी काळजी घ्यावी. आणि आजच पूर्ण बॅकअप घेऊन तो दुसऱ्या जागी ठेवावा.

उद्यमनगर
एक्सेल जुनी फाईल काढून टाकतो, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. आमच्याकडे ‘स्ट्रिक्ट सिंक’ पुन्हा ‘येस’ केले आहे आणि आमच्या कार्डाची बॅटरीही आज तपासतो.

शिरोलीकर
बॅटरी बसवली. चार्ज पूर्ण होईपर्यंत कार्ड ‘राइट-थ्रू’वरच राहिले, त्यामुळे पहिले काही तास फरक दिसला नाही आणि मी थोडा निराश झालो होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी मोजले तर एफसिंक सरासरी ४ मिलिसेकंदांवर आला आणि तीच फाईल तीन सेकंदांत सेव्ह झाली. ‘स्ट्रिक्ट सिंक’ला हात लावलेला नाही. बॅटरी बिघडली तर ईमेल यावा अशी सूचना कार्डाच्या साधनात लावली आहे, आणि सर्व्हर वरच्या मजल्यावर हलवण्यासाठी मालकांकडे मंजुरी मागितली आहे.