मदत हवी आहे: रात्रीच्या जेवणाचा खर्च आवरेना

शहापूरची_सून
रोज संध्याकाळी भाजी आणा, तूरडाळ शिजवा, तरी कुणाचं पोट भरत नाही आणि वीस तारखेलाच हातातले पैसे संपतात. स्वस्त, पोटभर आणि घरातले सगळे खातील असं काहीतरी सांगा. पनीर-मशरूमवाले व्हिडिओ पाठवू नका. उद्यापासूनच सुरू करायचंय.

खानापूरकर
माणसं किती? भात खाणारी का भाकरी? अंडं-मासळी चालते काय? हे कळल्याशिवाय काय सांगणार ओ ताई?

निपाणीची_अक्का
पुंडीची भाजी कर बाई. तिकडं महाराष्ट्रात अंबाडी म्हणतात तीच. जोंधळ्याच्या कण्या घालून शिजवायची, घोटायची आणि वरून लसणाची चरचरीत फोडणी. एका पेंडीत घर जेवतं. भाकरी आणि शेंगाचटणी असली की दुसरं काही लागत नाही.

खानापूरकर
अक्का, एवढं आंबट पोरं कुठं खातात? मसुराची आमटी करा. भिजवायची कटकट नाही, कुकरला तीन-चार शिट्ट्या काढल्या की झालं.

वडगाव_शिवार
मसूर म्हणजे आमचाच. भात कापल्यावर त्याच रानात ओलीवर पेरतो आम्ही, बेळगावच्या येळ्ळूर-वडगाव-शहापूर सगळीकडं. पण गावठी मसूर स्वस्त राहिलेला नाही. चवीला घ्या, बचतीला नको.

खानापूरकर
मग परगावचा घ्या, मोठ्या दाण्याचा. आमटीच करायचीय ना?

वडगाव_शिवार
त्याला आमच्या मसुराची चव नाही. एकदा दोन्ही शेजारी शेजारी शिजवून बघा.

उद्यमबाग_पाळी
अन्नभाग्यचा, म्हणजे कर्नाटक सरकारच्या रेशन योजनेचा तांदूळ मिळतो काय? २०१३ साली एक रुपया किलोनं सुरू झाला तेव्हापासून आमचं घर त्याच्यावर आहे. भाताला मोकळा होत नाही म्हणून लोक विकतात, ते चुकीचं आहे. चार वाट्या तांदूळ, एक वाटी उडीदडाळ, चमचाभर मेथी. रात्री डोसे आणि चटणी.

कॅम्पातली_काकू
कोथिंबीर मुळं कापून, कागदात गुंडाळून डब्यात ठेवावी. आठवडाभर टिकते.

शहापूरची_सून
कोथिंबिरीचं कुणी विचारलं नाही काकू. सहा माणसं आहोत. सासूबाईंना साखर आहे, त्यांना भात बंद. पोरांना भातच पाहिजे, भाकरी बघितली की तोंड फिरवतात. मालकांचा ओव्हरटाइम बंद झालाय, म्हणून हे सगळं. मी कामावरून सातला येते. रेशनचा तांदूळ मिळतो. अंडं चालतं, पण सोमवारी-गुरुवारी नाही. तिघांना तीन प्रकार करावे लागतात, खर्च तिथंच जातो आणि मी पण दमते.

निपाणीची_अक्का
हे आधी सांगायचं होतंस की! मग पुंडी राहू दे. हुलगे घे, कुळीथ म्हणतात तेच. सकाळी कामावर जाताना दीड वाटी हुलगे निवडून, धुऊन भिजत घाल. खडे असतात, नीट बघ. आल्यावर सहा-सात वाट्या पाणी घालून कुकरला लाव, पाच-सहा शिट्ट्या झाल्या की आच बारीक करून दहा मिनिटं ठेव. पाणी गाळून घे, तोच कट. मूठभर शिजलेले हुलगे, लसूण, जिरं आणि थोडं सुकं खोबरं वाटून कटात घाल. चिंचेचा कोळ, संकेश्वरी मिरचीचं तिखट, कढीपत्त्याची फोडणी. पोरांना कट-भात. उरलेल्या हुलग्यांची कांद्यावर उसळ परत, ती सासूबाईंना आणि तुम्हाला भाकरीबरोबर. कुकर एकदाच लागला, जेवण दोन तऱ्हेचं. तूरडाळीला हात नाही.

उद्यमबाग_पाळी
हुलगे उष्ण असतात. उन्हाळ्यात पोरांना देऊ नका.

निपाणीची_अक्का
रोज कोण देतंय? आठवड्यातनं दोनदा. वर वाटीभर ताक दे. दुसऱ्या दिवशी मटकी, तिसऱ्या दिवशी अळसंदे म्हणजे चवळी, रीत तीच. त्यांना कट एवढा दाट सुटत नाही, एवढंच.

खानापूरकर
आणि मसूर!

वडगाव_शिवार
भाकरीचं पीठ महिन्याचं एकदम दळून ठेवत असाल तर बंद करा. विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा जातो, भाकरी फाटते, मग पोरं कशाला खातील? आठवड्यापुरतंच दळा. उकळतं पाणी घालून पीठ मळा आणि पोरांना तव्यावरची गरम भाकरी द्या. बघा खातात का नाही.

शहापूरची_सून
पीठ महिन्याचंच आहे. अक्का, हुलगे आत्ता भिजत घातले. कट जास्त झाला तर दुसऱ्या दिवशी चालतो काय? आमच्याकडं फ्रिज छोटा आहे.

निपाणीची_अक्का
चालतो. वाटण न घालता नुसता कट ठेव, वाटण आणि फोडणी खायच्या दिवशी. बाहेर ठेवू नकोस, आंबतो.

कॅम्पातली_काकू
हुलगे कुठल्या दुकानात घेता? रविवार पेठेत परवा खड्यांचेच मिळाले मला.