गाडीत गाण्यांसाठी जुना छोटा लॅपटॉप: उपयोग की नुसती हौस?

कुडाळचा_वाटसरू
मुद्दा सरळ मांडतो. पुण्याहून कोकणात ये-जा करणाऱ्या, आणि त्यातही डबलबारी (दोन भजनी बुवांचा सवाल-जवाबाचा सामना) आणि दशावतार ऐकणाऱ्या माणसाला कपाटात धूळ खात पडलेला नेटबुक गाडीतल्या स्टिरिओपेक्षा जास्त कामाला येतो. २००७-०८च्या सुमारास असूसचा ईईई पीसी, एसरचा अ‍ॅस्पायर वन असे सात ते दहा इंची लॅपटॉप निघाले होते, तेच म्हणतोय. आज त्यावर ब्राउझर उघडायचा तर मध्ये चहा होतो. पण एमपीथ्री वाजवायला त्याला काहीच कष्ट नाहीत.

ऑनलाइन गाण्यांचा करूळ घाटात काय भरवसा? रेंज वळणावळणाला जाते. राहिला पेनड्राइव्ह. स्वस्तातले बरेच स्टिरिओ फायली नावाच्या क्रमाने वाजवतच नाहीत, ज्या क्रमाने कॉपी केल्या त्या क्रमाने वाजवतात. म्हणजे गवळण आधी आणि रूपाचा अभंग मागून. देवनागरी नावांच्या जागी नुसते चौकोन. डबलबारीचं रेकॉर्डिंग तीन-तीन तासांचं. बुवांनी सवाल टाकला, आपण तळेऱ्याला वडापाव खायला उतरलो, परत येऊन चावी फिरवली की माझा स्टिरिओ पुन्हा नमनापासून! समोरच्या बुवांचं उत्तर शोधत बसा बटण दाबून.

लॅपटॉपला स्वतःची बॅटरी आहे. स्टार्टर मारला तरी तो बंद पडत नाही, गाणं आहे तिथूनच पुढे चालतं. विंडोजच्या जागी लिनक्स, त्यावर एमपीडी हा गाणी वाजवणारा प्रोग्राम, हेडफोनच्या भोकातून स्टिरिओच्या ऑक्सला (बाहेरचा आवाज आत घेणाऱ्या भोकाला) केबल. झाकण मिटल्यावर झोपू नये एवढी सेटिंग बदलायची आणि सीटखाली ठेवून द्यायचा. गाणी बदलायला लॅपटॉप फोनच्या हॉटस्पॉटला जोडायचा, त्याला रेंज लागत नाही. शेजारी बसलेला माणूस फोनवरून गाणी लावतो.

दर्यावर्दी_वेंगुर्ला
अरे बाबा, पेनड्राइव्ह चारशे-पाचशेक गावता आणि तू लॅपटॉप घेऊन फिरतंस? ३२ जीबीत साध्या एमपीथ्रीची ५०० तासांच्या वर गाणी बसतत. आणि हयचो खारो वारो तुका म्हायत नाय काय? आमच्या घरातले चार्जरचे पिनी सुदिक हिरवे पडतत. पावसात गाडीत ठेवलेलो लॅपटॉप गणपतीपर्यंत टिकलो तर माका सांग.

वायरमन_काका
मी विरोधात नाही, पण लोक जोडणी कशी करतात ते बघून काळजाचा ठोका चुकतो. इन्व्हर्टर लावून गाडीच्या १२ व्होल्टचे २३० करायचे, मग अडॅप्टरने परत १९ करायचे. दोनदा रूपांतर, दोनदा वाया, वर इन्व्हर्टरचा पंखा गुरगुरतो तो वेगळाच. बहुतेक लॅपटॉपला १९ व्होल्ट लागतात, त्यासाठी व्होल्टेज वाढवणारा डीसी कार चार्जर मिळतो. तोच घ्या.

ईईई पीसी ९०१सारख्या काही मॉडेलांचा अडॅप्टर १२ व्होल्टचा असतो. ते वाचून "गाडीतही १२च" म्हणत कोणी थेट वायर जोडू नये. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४ व्होल्ट असतात, स्टार्टर मारताना ते १०च्याही खाली येऊ शकतात. मध्ये व्होल्टेज कायम ठेवणारा रेग्युलेटर हवाच.

चिपळूण_ते_चेंबूर
काकांचं मान्य. पण मुळात हा खटाटोप हवाच कशाला? तीन तासांची फाइल आहे तर कापा की! दहा-दहा मिनिटांचे तुकडे करणारी फुकट सॉफ्टवेअरं आहेत, आवाजाचा दर्जाही जात नाही. नावांच्या आधी ००१, ००२ टाका, नावं रोमनमध्ये लिहा आणि त्याच क्रमाने कॉपी करा. एक रविवार दुपार गेली की काम झालं.

पेनड्राइव्ह नकोच असा हट्ट असेल तर घराघरांत पडलेला जुना फोन काय वाईट? सिम काढायचं, मेमरी कार्ड घालायचं. देवनागरी दिसतं, थांबलेल्या जागेवरून वाजतं, पाच व्होल्टवर चालतो. वाटसरूंच्या एकेका तक्रारीवर उत्तर आहे, फक्त त्यात टायपायला कळफलक नाही.

कुडाळचा_वाटसरू
@चिपळूण, कापाकापी केली की डबलबारीची मजा जाते. सवाल एका तुकड्यात, जवाब दुसऱ्यात, आणि दोन फायलींच्या मध्ये स्टिरिओ क्षणभर गप्प. नेमका पखवाज चढलेला असताना! फोनचं म्हणाल तर माझ्या जुन्या फोनचं हेडफोनचं भोक ढिलं झालंय, आणि आजोबांच्या कॅसेटींवरून उतरवलेलं सगळं मला एका ठिकाणी हवं आहे. गावी पोचलो की तोच लॅपटॉप ओटीवर आणतो, स्पीकर लावतो, शेजारचे येऊन बसतात.

@दर्यावर्दी, गाडीत ठेवतंय कोण? उतरताना सोबत घेतो.

माहेर_गुहागर
हे सोबत नेणं महत्त्वाचं आहे, नुसतं खाऱ्या वाऱ्यासाठी नव्हे. मे महिन्यात दाभोळ-धोपावे फेरीबोटीच्या रांगेत गाडी उन्हात उभी राहिली की आत भट्टी होते. लॅपटॉपच्या माहितीपत्रकात चालवायचं तापमान बहुधा ३५ अंशांपर्यंत दिलेलं असतं, आणि त्या जुन्या लिथियम बॅटरीचा काय नेम.

आणखी एक. आमच्याकडच्या एका भाच्याने तो डॅशबोर्डवर चिकटवला होता, पडदा दिसावा म्हणून. जोरात ब्रेक लागला तर कपाळ थेट त्या किलोभर वजनावर आपटायचं, आणि शेजारच्या सीटची एअरबॅग तिथेच उघडते. सीटखाली ठेवता ते ठीक, पण पट्ट्याने बांधा. ड्रायव्हरच्या सीटखाली तर नकोच, सरकून ब्रेकपाशी आला तर? फिरत्या तबकडीच्या हार्डडिस्कवाला असेल तर एसएसडी (काही न फिरणारी डिस्क) घाला, आपले खड्डे तुम्हाला माहीत आहेत.

कुडाळचा_वाटसरू
एसएसडीच आहे, शेजारच्या सीटखाली पट्ट्याने बांधलेला. काका, एक अडचण मात्र आहे. चार्जिंगला लावला की स्पीकरमधून कुईं असा आवाज येतो आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की तो चढत जातो.

वायरमन_काका
चार्जर काढल्यावर जातो ना? मग ग्राउंड लूप आहे. चार्जर आणि ऑक्स केबल दोन्हीकडून अर्थ जोडली जाते, त्यातून अल्टरनेटरचा (इंजिनवर वीज तयार करणाऱ्या यंत्राचा) आवाज शिरतो. ऑक्सच्या मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर लावा, काडेपेटीएवढा डबा असतो. गाडीच्या सामानाच्या दुकानात 'नॉइज फिल्टर' मागितलात तर चार्जरच्या वायरीत बसवायचा डबा हातात देतील, तो वेगळा. दोन्ही बाजूंना हेडफोनचा ३.५ मिमीचा जॅक असलेला मागा.