'सहलेखक', 'लेखकद्वय' की नुसतं 'बंधू'? : गोंकूर भावांबद्दल लिहिताना

प्रश्न : एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच साहित्यावरच्या लेखात एदमों (जन्म १८२२) आणि ज्यूल (१८३०) द गोंकूर या भावांना 'सहलेखक' म्हटलं तर चालेल का? 'जोडगोळी', 'दुक्कल', 'लेखकद्वय' असेही पर्याय सुचवले गेलेत.

उत्तर : 'दुक्कल' आधी बाद करा, तो शब्द वर्तमानपत्रांनी कधीच सोनसाखळी चोरांना देऊन टाकलाय. 'जोडगोळी'त थट्टेची छटा आहे. 'सहलेखक' ऐकायला अचूक, पण त्यात दोन सुटे लेखक आणि त्यांचे वाटे गृहीत धरलेले असतात. पहिली तीन प्रकरणं याची, पुढची त्याची, असं काहीतरी. गोंकूरांचा दावा बरोबर उलटा होता. १८८७ मध्ये दोघांची रोजनिशी छापताना एदमोंने प्रस्तावनेत म्हटलंय की हे लेखन एकाच 'मी'चा विस्तार मानता येईल. त्यामुळे 'लेखकद्वय' बरा. तो एकवचनात चालतो ('लेखकद्वयाने लिहिलं') आणि वाटणीचा प्रश्नच येत नाही.

दुसरं उत्तर : नामापेक्षा क्रियापद जास्त फसवतं. 'गोंकूर म्हणतात' हे दोघांचं अनेकवचन की एकट्या एदमोंचं आदरार्थी? मराठी वाचकाला कळायला मार्ग नाही, आणि या बाबतीत सगळं त्यावरच अवलंबून आहे. रोजनिशी २ डिसेंबर १८५१ ला सुरू होते. त्यांची पहिली कादंबरी त्याच दिवशी बाहेर पडली आणि फ्रान्सचा अध्यक्ष लुई नेपोलियन याने सत्ताही त्याच दिवशी बळकावली. मग कादंबरीकडे कोण बघतंय! मजकूर दोघांचा, लेखणी बहुतेक ज्यूलच्या हातात. जानेवारी १८७० मध्ये त्याचं अक्षर थांबतं, २० जूनला तो जातो, आणि एदमों १८९६ पर्यंत एकटाच लिहीत राहतो. तेव्हा १८७० च्या आधी 'दोघे लिहितात' आणि नंतर नाव घेऊन 'एदमों लिहितो'. इथे एकेरीच बरी, आदरार्थी केलंत की पुन्हा तोच घोळ.

रोजनिशीतून उतारा घेणार असाल तर त्यांच्या प्रथमपुरुषी अनेकवचनाला 'आपण' करू नका. 'आपण'मध्ये वाचकही ओढला जातो आणि ही दोघं तर कुणाला आत घेणारी नव्हेत. 'आम्ही' घ्या. पण 'आम्ही' आपल्याकडे एकटा संपादकही म्हणतो, म्हणून पहिल्या वेळी 'आम्ही दोघे' लिहून मग पुढे जा.

तिसरं उत्तर : श्रेयाची गफलत ठरलेल्या जागी होते. 'झेर्मिनी लासेर्त्यू' (१८६५) दोघांची आहे, ती एकट्या एदमोंच्या नावावर टाकू नका. उलट 'झेमगानो बंधू' (१८७९) एकट्या एदमोंची. विषय सर्कशीतले दोन कसरतपटू भाऊ, जानी आणि नेलो. सर्कशीतली एक घोडेस्वार बाई त्यांच्या कसरतीतल्या कापडी पिंपाच्या जागी लाकडी ठेवते आणि धाकट्याचे पाय मोडतात. शीर्षकात 'बंधू' दिसलं की लोक मुखपृष्ठावरही दोन नावं आहेत असं धरून चालतात.

प्रश्न : मग 'सहलेखक' कुठेच नको?

उत्तर : कोन्यार बंधूंना खुशाल वापरा. तेओदोर आणि इपोलित हे वोदव्हीलचे, म्हणजे गाणी घातलेल्या हलक्याफुलक्या नाटकांचे, नाटककार. त्या धंद्यात दोघातिघांनी मिळून नाटक लिहिणं ही रोजचीच गोष्ट होती, मग ते भाऊ असोत वा नसोत. त्यांच्या १८३१ च्या 'ला कोकार्द त्रिकोलोर'मधल्या शोव्हाँ या शिपायामुळेच पुढे 'शोव्हिनिझम' (आंधळा देशाभिमान) हा शब्द रूढ झाला.

रोनी बंधूंचं प्रकरण वेगळं. ब्रुसेल्समध्ये जन्मलेले हे दोघे भाऊ जे. एच. रोनी या एकाच नावाने छापत. तिथे 'सामाईक टोपणनाव' म्हणा, सात-बाऱ्यावरच्या सामाईक खात्यासारखं. १९०८ च्या सुमारास फारकत झाल्यावर त्यांनी नावापुढे जे शब्द लावले, त्यांना मराठीत 'थोरले' आणि 'धाकटे' तयारच आहेत, 'सीनियर-ज्युनियर' कशाला? एदमोंच्या मृत्युपत्रातून उभ्या राहिलेल्या गोंकूर अकादमी या साहित्यसंस्थेच्या पहिल्या दहा सदस्यांत हे दोघेही होते.

शेवटचं, सूचीबद्दल. 'गोंकूर बंधू' अशी एकच नोंद केलीत तर १८७० नंतरची पुस्तकं तिच्यात बसणार नाहीत. 'गोंकूर, एदमों द' आणि 'गोंकूर, ज्यूल द' अशा दोन नोंदी करा, सामाईक पुस्तकं दोन्हीकडे द्या. 'द' आडनावानंतर येतो. तो पुढे ठेवलात तर नोंद 'ग'ऐवजी 'द'मध्ये जाऊन पडेल.