कागदपत्रे नसलेल्या मजुराचा वेतनहक्क : प्रा. जेनिफर गॉर्डन यांची मांडणी

प्रश्न

नमस्कार. एलएल.एम.च्या प्रबंधासाठी मी न्यूयॉर्कच्या फोर्डहॅम विद्यापीठातील कायद्याच्या प्राध्यापक जेनिफर गॉर्डन यांचे लेखन वाचत आहे. १९९२ मध्ये त्यांनी लाँग आयलंडवरील हेम्पस्टेड येथे ‘वर्कप्लेस प्रोजेक्ट’ हे कामगार केंद्र सुरू केले. बागकाम, घरकाम, उपाहारगृहांतील भांडी घासणे अशी कामे करणारे लॅटिन अमेरिकी स्थलांतरित बुडालेली मजुरी मिळवण्यासाठी तेथे येत. माझी अडचण अशी आहे की, ‘हॉफमन प्लास्टिक’ खटल्यात (२००२) अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कागदपत्रे नसलेल्या, म्हणजे कायदेशीर वास्तव्याचा व कामाचा परवाना नसलेल्या कामगाराला भरपाईचे वेतन नाकारले. मग अशा मजुराला कोणता हक्क उरतो?

प्रतिसाद १

केलेल्या कामाची मजुरी आणि कामावरून काढल्यामुळे बुडालेली मजुरी, यांत फरक करावा लागेल. हॉफमनमधील कामगाराला कामगार संघटनेच्या बाजूने उभे राहिल्याबद्दल १९८९ मध्ये काढण्यात आले होते, आणि नाकारले गेले ते त्यानंतरच्या, न केलेल्या कामाचे वेतन. घाम गाळून झालेल्या कामाचे किमान वेतन १९३८ च्या अमेरिकी वेतन कायद्याखाली आजही मागता येते. निकाल ५ विरुद्ध ४ असा होता. भरपाई द्यावी लागणार नसेल तर कायदा मोडणे मालकाला स्वस्त पडेल, हा न्यायमूर्ती ब्रेयर यांचा भिन्नमतातील मुद्दा मला आजही बिनतोड वाटतो.

प्रतिसाद २

वरील उत्तर बरोबर आहे, परंतु गॉर्डन यांचे खरे योगदान त्यापुढचे आहे. कागदावरचा हक्क मजुराच्या हाती आपोआप पडत नाही, हे त्यांनी केंद्र चालवताना अनुभवले; म्हणून वकिलाची मदत हवी असणाऱ्याने कामगार हक्कांचा वर्गही पूर्ण करावा, अशी अट तेथे होती. ही अट काहींना जाचक वाटेल, मला ती आवश्यक वाटते. मतदानाचा अधिकार नसलेल्या याच लोकांनी रिपब्लिकन आमदारांना भेटून, दुभाष्यांमार्फत आपली हकीकत सांगून, १९९७ मध्ये न्यूयॉर्क राज्याचा मजुरी बुडवण्याविरुद्धचा कायदा संमत करून घेतला. जाणूनबुजून किंवा वारंवार मजुरी बुडवणाऱ्या मालकावरील दंडाची मर्यादा या कायद्याने बुडालेल्या रकमेच्या २५ टक्क्यांवरून २०० टक्क्यांवर नेली. प्रबंधात या प्रकरणाला भरपूर जागा द्यावी.

प्रतिसाद ३

गॉर्डन यांची २००७ मधील ‘देशापार श्रम-नागरिकत्वा’ची कल्पनाही पाहावी. कामाचा परवाना एका मालकाशी न बांधता कामगार संघटनेच्या सदस्यत्वाशी जोडावा, असा तो प्रस्ताव आहे. अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर राहणाऱ्या आपल्याकडच्या अभियंत्यांना यातील मर्म लगेच कळेल : २००० च्या कायद्याने मालक बदलणे सोपे झाले, तरी नवा मालक अर्ज करीपर्यंत पाय अडकलेलेच राहतात. माझा आक्षेप एवढाच की, परवान्याची किल्ली संघटनेकडे गेली आणि तिने एखाद्याला सदस्यत्व नाकारले, तर त्या मजुराने दाद कोणाकडे मागायची?