आईच्या मानेला शेक द्यावा की नको? पाठीवर जाळीसारखे डाग आलेत

निपाणीची_लेक

नमस्कार मंडळी. आईबद्दल विचारायचं होतं. वय 63. निपाणीत उभा जन्म विड्या वळण्यात गेला. मांडीवर सूप, मान खाली, खांदे वर आणि बोटं चालूच. आता काम सुटलंय, पण मान आणि दोन्ही खांदे आखडलेलेच आहेत. सकाळी मान वळत नाही, हाक मारली तर अख्खं अंग वळवून माझ्याकडे बघते.

आषाढाचा गारठा सुरू झाला की रबरी पिशवीत कढत पाणी भरून घेते आणि ती पाठीखाली घेऊन झोपते, रात्रभर. पाणी निवलं की मला उठवते, "बदल गं." शेकानं तिला बरं वाटतं यात शंकाच नाही. नंतर अर्धा-पाऊण तास तिचा चेहराच वेगळा असतो, मानही जरा वळते. पण परवा न्हाऊ घालताना उजव्या खांद्याखाली तांबूस-तपकिरी डाग दिसले, मासे धरायच्या जाळीसारखे. खाज नाही, आग नाही, फोड नाही.

शेजारच्या काकी म्हणतात, पिशवी सोड, मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवून शेक. भाऊ पुण्याहून फोनवर सांगतो, बर्फ लाव, सगळे खेळाडू बर्फच लावतात. आईला साखर आहे, गोळ्या चालू आहेत.

शेकानं आत स्नायूत नेमकं काय होतं? नुसतं बरं वाटतं, की काही सुधारतंसुद्धा? "बंद कर" म्हटलं तर ती ऐकणारी नाही. कारण पटलं तरच ऐकेल, म्हणून विचारतेय.

लालमाती_येळ्ळूर

अक्का, बर्फ ताज्या माराला. आमच्या तालमीत कुणाचा खांदा ओढला गेला, जागा सुजली, हाताला गरम लागायला लागली, तर पहिले दोन दिवस शेकाचं नावसुद्धा काढायचं नाही. गरमीनं तिथं रक्त आणखी धावतं आणि सूज वाढते. हे वस्तादांनी आमच्या हाडात भिनवलंय. जुनं आखडलेलं दुखणं म्हणजे वेगळी गोष्ट, तिथं शेकच बरा.

कुस्तीच्या आधी आम्ही जोर-बैठका मारून घाम काढतो तेही गरमीसाठीच. तापलेला स्नायू लवकर आवळतो, लवकर सुटतो. गार अंगानं आखाड्यात उतरलेला पोरगा हमखास लचक भरून घेतो. आईला थोडं हलायला लावा, एवढं मी सांगेन. डागाचं मला कळत नाही, जाणकारांनी बोलावं.

फिजिओ_टिळकवाडी

ताई, आधी डागांचं बोलते. तुमच्या वर्णनावरून ते भाजल्याचे नाहीत, पण शेकाचेच दिसतात. कातडी भाजणार नाही इतपतच ऊब, पण रोज, तासन्‌तास, एकाच जागी मिळाली की त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या जाळ्यावर असा रंग उमटतो. काश्मीरात फेरनच्या, म्हणजे ढगळ झग्याच्या, आत कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची छोटी शेगडी, घेऊन बसणाऱ्यांच्या पोटा-मांड्यांवर हेच दिसतं. ऊब थांबवली तर बहुतेक वेळा काही महिन्यांत डाग फिके होतात. वर्षानुवर्षं चालू राहिलं तर कायमचे राहतात, आणि क्वचित त्याच जागी त्वचेचा कर्करोगही होतो. त्यामुळे त्वचेच्या डॉक्टरांना एकदा दाखवाच.

आता स्नायूचं. विड्या वळताना खांदे उचललेले राहतात, म्हणजे मानेपासून खांद्यापर्यंतचा ट्रॅपिझियस हा स्नायू दिवसभर आवळलेला. आवळलेला स्नायू आपल्याच पोटातल्या रक्तवाहिन्या दाबतो. रक्त कमी पडतं म्हणून दुखतं, आणि दुखतं म्हणून माणूस तो आणखी आवळून धरतो. तुमच्या आईचं हे बरीच वर्षं झालंय. विडी कामगार बायकांचे खांदे बघितले की मला चौकशी करावी लागत नाही, हात ठेवला की कळतं.

शेक लावला की रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सुटतो आणि त्या रुंदावतात. कातडीतल्या ऊब ओळखणाऱ्या मज्जातंतूंचे निरोप मणक्यात पोचतात आणि त्या गर्दीत दुखण्याचा निरोप मागे पडतो. स्नायूत ताण मोजणारे स्पिंडल नावाचे बारीक अवयव असतात, ते सारखे "आवळ, आवळ" असं कळवत असतात. उबेनं त्यांचं कळवणं मंदावतं. म्हणून आईची मान त्या वेळेत खरोखरच वळते, तो मनाचा खेळ नाही. शेकाला कुणी आजीबाईचा उपाय म्हणून हिणवू नये. कंबरेच्या ताज्या दुखण्यात गोळ्यांच्या आधी शेक करून बघा, असं अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संस्थेनं 2017 मध्ये लेखी सांगितलंय.

पण ही ऊब खोल किती जाते? स्नायूत बारीक सुई घालून हे मोजलेलं आहे. दवाखान्यातला गरम पॅक 15 मिनिटं ठेवला तर कातडीखाली 1 सेंटीमीटरवर तापमान तीन-चार अंशांनी चढतं, 3 सेंटीमीटरवर एक अंशही चढत नाही. वाढलेलं रक्तच उष्णता वाहून नेतं आणि चरबी ती अडवते. म्हणजे पिशवी रात्रभर ठेवून आत फारसं जास्त काही पोचत नाही, सोसावं लागतं ते कातडीला. पाठीखाली घेऊन झोपल्यावर तर अंगाच्या भारानं तिथलं रक्त दबतं आणि उष्णता तिथंच साचते. आईला हे सांगून बघा.

म्हणून पाटावर किंवा खुर्चीत बसवून, जाड टॉवेलच्या घडीवरून, 15 ते 20 मिनिटं शेक. पाच मिनिटांनी टॉवेल उचलून कातडी बघायची. सगळीकडे सारखी गुलाबी असेल तर ठीक, लाल-पांढरे चट्टे दिसले तर तिथंच थांबायचं. डागांची जागा पूर्ण सोडा. आणि शेक काढल्या काढल्या व्यायाम: खांदे वर नेऊन मागून खाली सोडणं, कान खांद्याकडे झुकवणं, हनुवटी सरळ मागे ओढणं. सावकाश, दहा-दहा वेळा. शेकानं जी अर्ध्या तासाची सवड मिळते ती नुसती पडून घालवली तर दुसऱ्या दिवशी मान जिथल्या तिथे. सुधारणा व्यायामानं होते, शेक त्याला वाट करून देतो.

पुरचुंडीला माझी हरकत नाही, फक्त तव्यावरून उतरलेलं मीठ फार तापलेलं असतं. आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. शेकाआधी किंवा नंतर बाम नको. मिरची कुटताना हात भगभगतात ना, ते मज्जातंतूंच्या टोकावरच्या ज्या ग्राहकामुळे, म्हणजे रिसेप्टरमुळे, तोच ग्राहक साधारण 43 अंशांच्या उष्णतेनं जागा होतो. तो शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं नोबेल मिळालं. काही बामांत मिरचीचा तोच अर्क असतो. संकेश्वरी मिरची हाताळलेल्या आपल्याकडच्या बाईला हे वेगळं सांगायला नको. वर पिशवी ठेवली तर चटका कशाचा बसतोय तेच कळत नाही.

साखर आहे म्हणून शेक पुन्हा सुरू करण्याआधी त्यांना ऊब नीट जाणवते का ते तपासून घ्या. कुठल्याही फिजिओथेरपी विभागात करून देतात. आणि डाव्या खांद्याच्या दुखण्यासोबत छातीत दडपण, घाम किंवा धाप असं कधी झालं तर शेकत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

मागवाला_वडगाव

मॅडम, आमचं उलटं हाय. मागावर दिवसभर उभं. वरीसभर पोटरी दुखूलाय. एका दवाखान्यात मशीनचा शेक घे म्हणाले, आत खोलवर जातो म्हणून. पायात जुन्या अपघाताची पट्टी हाय, ते कुणी विचारलंच न्हाई. घेऊ का?

फिजिओ_टिळकवाडी

दादा, थांबा. ते मशीन शॉर्टवेव्ह डायथर्मी असेल तर अजिबात नको. 27.12 मेगाहर्ट्झच्या लहरींनी ते आत उष्णता तयार करतं. स्नायूत खोलवर पोचतं हे खरं, पण धातूच्या पट्टीभोवती ती उष्णता एकवटते आणि आतून भाजतं, वरून कळतही नाही. उपचार करणाऱ्याला पट्टीचं आपणहून सांगा, जुना एक्स-रे सोबत न्या. आणखी एक, थोडं चाललं की पोटरी दुखते आणि उभं राहिलं की थांबते, असं आहे का? तसं असेल, किंवा एकाच पायाची पोटरी सुजली असेल, तर शेक नको, आधी रक्ताभिसरण तपासायला हवं. तंबाखू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

मागवाला_वडगाव

चालताना न्हाई, संध्याकाळी पाळी संपल्यावर दुखतंय. सूज न्हाई. एक्स-रे हुडकतो. उपकार झाले.

निपाणीची_लेक

मॅडम, आईला दाखवून आणलं. त्वचेच्या डॉक्टरांनी डाग शेकाचेच म्हणून सांगितलं, चार महिन्यांनी पुन्हा बोलावलंय. फिजिओथेरपीत त्यांनी दोन काचेच्या नळ्या घेतल्या, एकीत कोमट पाणी, एकीत गार, आणि आईला डोळे मिटायला सांगून आळीपाळीनं टेकवल्या. मानेवर, खांद्यावर तिनं बरोबर ओळखलं. मग त्यांनी पायाला लावून बघितलं. पावलावर आई दोन्ही वेळा "गार" म्हणाली. माझ्या पोटात धस्स झालं, कारण बंबातलं कढत पाणी घमेल्यात घेऊन त्यात पाय सोडून बसायची तिची रोजची सवय आहे.

फिजिओ_टिळकवाडी

खांद्याला सांगितल्याप्रमाणे शेक चालेल, त्याची काळजी नको. पायाचं घमेलं मात्र आजपासून बंद. साखरेनं मज्जातंतू पावलांपासून बधिर व्हायला लागतात, तिथं फोड येईपर्यंत त्यांना कळणार नाही. आंघोळीचं पाणी तुम्ही स्वतः कोपर बुडवून बघायचं, आईच्या "बरं हाय" वर सोडायचं नाही. रोज रात्री दोन्ही तळवे आणि बोटांच्या बेचक्या उजेडात बघा. साखरेच्या डॉक्टरांना नळ्यांची गोष्ट सांगा, पुढच्या तारखेची वाट न बघता. पाय गार पडतात म्हणत असतील तर लोकरीचे सैल मोजे घाला.