शाळेसाठी व्हीलचेअरचा रॅम्प : माप आणि बांधकामाबद्दल सल्ला हवा

अंगणवाट : आमची शहापूर तालुक्यातली (जि. ठाणे) जिल्हा परिषदेची शाळा. दोन खोल्या, पुढे व्हरांडा, चढायला १५ सेंमीच्या ३ पायऱ्या. जूनमध्ये पहिलीत व्हीलचेअर वापरणारी मुलगी येणार आहे. गवंडी ३ मीटरचा रॅम्प सुचवतोय. चालेल का? सामान किती लागेल?

ओळंबा : नाही चालणार. ४५ सेंमी चढाला ३ मीटर म्हणजे १:७ पेक्षाही तीव्र चढ (१ सेंमी चढायला ७ सेंमी लांबीही नाही). मुलीला स्वतःला चढता येणार नाही, आणि उतरताना खुर्ची पुढे कलंडेल. १:१२ ही कमाल मर्यादा. जागा असेल तर १:१५ करा, पावसात फरक जाणवतो.

पण आधी माप नीट घ्या, सगळ्यांची चूक इथेच होते. पायरीच्या पायथ्याशी टेप लावू नका. रॅम्प जिथे *संपणार* तिथल्या जमिनीपासून व्हरांड्याच्या फरशीपर्यंतची उंची लेव्हल ट्यूबने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) काढा. अंगण उतरतं असेल तर हा आकडा बराच वाढतो.

अंगणवाट : ट्यूब लावली. पायरीपाशी ४५, आठ मीटरवर ६२ सेंमी!

ओळंबा : मग लांबी ६२ सेंमी × १२ = ७४४ सेंमी, म्हणजे ७.४४ मीटर. व्हरांड्याला समांतर घ्या, मैदान वाचेल. सलग चढ ९ मीटरच्या आत आहे, त्यामुळे मधे सपाट टप्पा लागत नाही. वर मात्र १.५ × १.५ मीटर सपाट जागा हवीच, नाहीतर खुर्ची वळवायची कुठे? खालीही तेवढीच पक्की फरशी, नाहीतर जुलैत चाकं चिखलात रुततील. मोकळी रुंदी १.२ मीटर.

खडी_वाळू : सामानाचा अंदाज देतो. दोन्ही बाजूंना २३ सेंमीच्या भिंती, पाया पक्क्या जमिनीपर्यंत. आत मुरूम, एक ब्रास (१०० घनफूट) पुरेल. एकदम ओतू नका. १५ सेंमीचा थर, पाणी, धुम्मसने ठोकून घट्ट करणं, मग पुढचा थर. घाईत भरलेला मुरूम पहिल्याच पावसात बसतो, वरचं काँक्रीट पोकळीवर राहतं आणि तडकतं. वर १० सेंमी काँक्रीट, १:१½:३ (सिमेंट : वाळू : खडी). रॅम्प आणि वरची सपाट जागा धरून साधारण ९ गोण्या सिमेंट, भिंतींचं वेगळं.

खालच्या टोकाला काँक्रीट निमुळतं करून शून्यावर आणू नका, ती कड तुटतेच. तिथे जमीन खणून पूर्ण जाडी ठेवा. रॅम्प आणि जुन्या जोत्यामध्ये बिटुमेन बोर्ड (सांध्यात घालायची डांबरी पट्टी) घाला. दोन्ही वेगवेगळे बसतात, चिकटवलेत तर सांध्यावर उंचवटा येतो आणि पुढची छोटी चाकं अडतात.

पृष्ठभागाला आडवा झाडू मारा. गुळगुळीत घोटाई किंवा टाइल्स अजिबात नकोत. मे महिन्यात तिकडे पाण्याची टंचाई असते, म्हणून क्युरिंगच्या (काँक्रीट ओलं ठेवण्याच्या) पाण्याची सोय आधी करा. ओली गोणपाटं अशा उन्हात किमान १० दिवस, १४ झाले तर उत्तम.

पागोळी : दोन गोष्टी राहिल्या. छपराच्या पागोळ्या रॅम्पवर पडत असतील तर पन्हळ लावा, नाहीतर शेवाळ धरेल. दोन्ही कडांना १० सेंमी उंच कठडा ठेवा, चाक बाहेर जात नाही. त्याला पाणी जायला मधेमधे फटी ठेवा.

रेलिंग दोन्ही बाजूंना, ७६ आणि ९० सेंमीवर, दोन्ही टोकांना ३० सेंमी पुढे नेलेलं. फॅब्रिकेटर सवयीने जाड पाइप आणतात, लहान हाताची मूठ बसत नाही. ३२ एमएम बोअरचा (आतल्या मापाचा) जीआय पाइप सांगा, बाहेरून ४२ एमएम भरतो.

ओळंबा : आणि ताई, वर्गाच्या दाराची मोकळी रुंदी ९० सेंमी आहे का पाहा. उंबरठा १२ एमएमपेक्षा उंच असेल तर काढा. स्वच्छतागृहाची वाटही याच अंदाजपत्रकात धरा; शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावात रॅम्प, दार आणि स्वच्छतागृह तिन्ही एकत्र लिहा. दिवसभर पाणी न पिता बसणारी मुलं असतात, कारण तिथवर पोचता येत नाही.

अंगणवाट : दार ८२ निघालं. चौकट बदलण्याचं ठरावात घालते.